डूलाचं शिक्षण लेबर रूमबाहेर होत नाही

डूला, म्हणजे कळांच्या वेळी बाईजवळ सलग बसून तिला धीर देणारी सोबतीण, व्हायचं मनात घेतलेल्या बायका आता ठाण्यात आणि नवी मुंबईत बऱ्याच भेटतात. कुणी घोडबंदरच्या टॉवरमधली, आयटीची नोकरी सोडलेली असते. कुणी ऐरोलीतली योगशिक्षिका असते. कळव्यातली एखादी स्वतःच्या सीझरचा सल अजून मनात घेऊन आलेली असते. माझी सगळी नोकरी सरकारी लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून झाली, त्यामुळे ओळखीतून ओळख काढत त्या माझ्यापर्यंत येतात आणि मोबाइलवर तीन-चार कोर्सची माहितीपत्रकं उघडून समोर धरतात. यातला कोणता घेऊ? परदेशी संस्थेशी जोडलेला की स्वस्तातला? शनिवार-रविवारचा की सहा महिन्यांचा? घरबसल्या होणारा चालेल का?

माझं उत्तर ठरलेलं आहे. कोर्सवाल्यांना एवढंच विचारा, की या शिक्षणात मी किती बायकांच्या कळांच्या वेळी त्यांच्याजवळ बसेन, कुठल्या हॉस्पिटलात बसेन आणि मी कशी वागते हे बघायला जाणतं कोण असेल. ज्या कोर्सकडे याचं नेमकं उत्तर नाही, तो माहिती देत असेल, डूला घडवत नाही. पण असं सांगून त्या मुलींना वाटेला लावणं मला पटत नाही, कारण माझ्या अटीत बसणारा कोर्स आपल्या भागात शोधायला गेलं तर त्या हात हलवत परत येतात. लेबर रूमचं दारच त्यांना बंद आहे. ते दार आपल्या महापालिकांनी उघडलं पाहिजे, हे मला आज मांडायचं आहे. कोर्स निवडण्याचा प्रश्न एकेका बाईचा वाटतो, पण त्याची अडलेली बाजू सार्वजनिक आहे.

डूला डॉक्टर नसते, नर्स नसते, सुईणही नसते. कळा सुरू झाल्यापासून बाळ छातीशी येईपर्यंत ती बाईजवळ असते. कंबर दाबून देते, घोटभर पाणी पाजते, कुशीवर वळवते, धरून चालवते. डॉक्टर घाईत जे सांगून गेले ते सोप्या शब्दांत पुन्हा सांगते. भीतीनं बाईचा श्वास सुटला की तिच्या नजरेला नजर देऊन तो पुन्हा लावून देते. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण यावर झालेला अभ्यास किरकोळ नाही.

ग्वाटेमालामधल्या एका मोठ्या रुग्णालयात बायका एकट्याच कळा काढत असत. सोसा, केनेल, क्लाउस या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे काही बायकांजवळ एकेक अनोळखी, पण मायेनं वागणारी बाई बसवली. 1980 मध्ये त्यांचा निबंध आला. ज्यांचं बाळंतपण गुंतागुंतीविना झालं, त्यांच्यात सोबत मिळालेल्या बायकांच्या कळांचा काळ एकटीनं कळा काढणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी होता. पुढे याच डॉक्टरांनी अमेरिकेत ह्यूस्टनच्या सार्वजनिक रुग्णालयात पहिलटकरणींचे तीन गट केले. एकात डूला होती. दुसऱ्यात एक बाई खोलीत नुसती बसून नोंदी घेत होती, बोलत नव्हती, हात लावत नव्हती. तिसऱ्यात नेहमीचीच व्यवस्था. 1991 मध्ये जे आकडे प्रसिद्ध झाले त्यात सीझरचं प्रमाण नेहमीच्या गटात 18 टक्के, नुसती बाई बसलेल्या गटात 13 टक्के आणि डूलाच्या गटात 8 टक्के होतं. मधला आकडा पुन्हा वाचा. बोलायचं नाही, शिवायचं नाही, तरी खोलीत आपल्यासाठी कुणी थांबलंय एवढ्यानं फरक पडला. 2017 मध्ये, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं 17 देशांतले 26 अभ्यास एकत्र तपासले, पंधरा हजारांहून जास्त बायकांचे. सलग सोबत मिळाली की आपसूक होणारी बाळंतपणं वाढतात, कळांचा काळ थोडा घटतो, सीझर कमी होतात आणि बाळंतपणाची कडू आठवण घेऊन घरी जाणाऱ्या बायका कमी होतात, असा निष्कर्ष निघाला. दुसऱ्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली, की प्रत्येक बाईला कळा आणि प्रसूतीच्या पूर्ण काळात तिच्या पसंतीची सोबत असावी.

कोर्स निवडणाऱ्या मुलीनं या अभ्यासांतली एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ग्वाटेमालातल्या त्या सोबतिणी साध्या बायका होत्या, त्यांच्याकडे कुठलीही पदवी नव्हती. ह्यूस्टनच्या डूलांचं प्रशिक्षण तीन आठवड्यांचं होतं. फरक पडला तो त्या सलग जवळ होत्या म्हणून. म्हणजे या कामात पुस्तकी भाग थोडा आणि अंगवळणी पडण्याचा भाग फार मोठा. आणि माहितीपत्रकांत बघावं तर उलट दिसतं. व्हिडिओंचे तास मोजलेले, पीडीएफची पानं मोजलेली, सर्टिफिकेटवर कुणाची सही असेल ते ठळक अक्षरांत, आणि प्रत्यक्ष बाळंतपणाचा उल्लेख शेवटी एका ओळीत, तोही 'तुम्ही तुमचे क्लायंट शोधा' असा.

हे चालतं, कारण विचारणारं कुणी नाही. नर्सला कौन्सिलची नोंदणी लागते. केंद्रानं 2018 मध्ये मिडवायफरीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात नोंदणीकृत नर्सनाच पुढे अठरा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी करायचं ठरलं. 2023 मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा झाला. डूलासाठी भारतात असा कायदा नाही, परिषद नाही, नोंदणी नाही. उद्या मी माझ्या हॉलमध्ये फळा लावून दोन दिवसांत पंधरा जणींना सर्टिफिकेट वाटली तर मला कुणी अडवणार नाही. त्यामुळे 'मान्यताप्राप्त' हा शब्द दिसला की कुणाची मान्यता ते विचारावं. बहुतेक वेळा ती दुसऱ्या एका खासगी संस्थेचीच असते. ती संस्था चांगलीही असेल, पण तिचा कागद ठाण्यातल्या हॉस्पिटलाला बांधील नाही.

परदेशातली नावाजलेली संस्था म्हणून ज्या डोनाचं नाव सगळ्या जणी घेतात, ती 1992 साली सुरू झाली. केनेल आणि क्लाउस तिच्या संस्थापकांत होते. त्या संस्थेची रीत बघण्यासारखी आहे. कार्यशाळा केली म्हणजे प्रमाणपत्र मिळालं असं तिथे नसतं. कार्यशाळेनंतर उमेदवारानं प्रत्यक्ष बाळंतपणांना हजर राहायचं, आणि त्या बाईचं व तिथल्या डॉक्टर-नर्सचं तिच्याबद्दल काय मत झालं ते लेखी आणायचं. आपल्याकडे डोनाचं नाव घेणाऱ्या किती जणी पहिल्या कार्यशाळेवरच थांबतात आणि पाटी लावतात! परदेशी संस्थेचा हा भाग आपण उचलला नाही. फी तेवढी उचलली.

प्रत्यक्ष बाळंतपणाचा हट्ट मी का धरते ते सांगते.

कळा शेवटाकडे आल्या, पिशवीचं तोंड सात-आठ सेंटिमीटर उघडलं, की इतका वेळ शहाण्यासारखी श्वास घेणारी बाई एकदम बदलते. थरथरते, ओकारी काढते, पाठीवरचा हात झटकून टाकते, 'मला नाही जमणार, सीझर करून टाका' म्हणून ओरडते. नवखी डूला इथे हमखास घाबरते, नाहीतर अखंड बोलत सुटते. तिच्या मागे कुणी जाणती असेल तर ती हळूच सांगते, आता गप्प राहा, हात नुसता ठेव, हा टप्पा थोडा वेळच असतो. हे वाक्य कुठल्याही व्हिडिओत असेल. पण ते ज्या क्षणी आणि ज्या आवाजात सांगायला लागतं, तो क्षण व्हिडिओत येत नाही. दुसऱ्या खेपेची बाई म्हणते, 'मला संडासला लागल्यासारखं होतंय.' न शिकलेली सोबतीण तिला उठवून बाथरूमकडे न्यायला निघते. शिकलेली सिस्टरला हाक मारते, कारण बाळाचं डोकं खाली आलेलं असू शकतं. पाणी गेलं आणि ते हिरवट दिसलं तर काय करायचं? काही करायचं नाही, लगेच सांगायचं आणि बाईला कळू न देता स्वतःचा चेहरा सांभाळायचा. बाळाचे ठोके घसरले की मिनिटाभरात खोलीत पाच-सहा माणसं शिरतात. तेव्हा डूलानं कुठे उभं राहायचं, कुठला कोपरा कुणाच्या पायात येत नाही आणि तिथूनही बाईला आपला चेहरा दिसतो, हे खोलीत उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आणि बाळ रडलंच नाही तर? मृत बाळ जन्मलेल्या आईजवळ कसं बसायचं? त्या वेळी 'जाऊ दे, दुसरं होईल' हे वाक्य आजूबाजूचे चौघे तरी बोलतात. डूलानं ते बोलायचं नसतं, आणि आईला बाळ बघायचं असेल तर तिची ती इच्छा सिस्टरपर्यंत पोहोचवायची असते. ज्या कोर्समध्ये या विषयाला अर्धा तासही नाही, त्यांच्या माहितीपत्रकावर कितीही हसरी बाळं असोत, तो मी कुणाला सुचवणार नाही.

दुसरी कसोटी आहे ती नकार शिकवण्याची. काय करायचं नाही हे कोर्सनं पाठ करून घेतलं पाहिजे. आतून तपासायचं नाही, ठोके मोजून निदान सांगायचं नाही, कळांसाठी लावलेल्या सलाईनच्या नळीला हात लावायचा नाही, औषध-काढा सुचवायचा नाही. आणि बाईच्या वतीनं डॉक्टरांशी भांडायचं नाही. हे शेवटचं नव्या मुलींना पटत नाही, कारण आपण तिच्या बाजूनं उभं राहायला आलोय असं त्यांना वाटतं. पण 'तिला हे नको आहे' असं डूला बोलू लागली की निर्णय बाईच्या हातून जातो, फक्त डॉक्टरांऐवजी डूलाकडे जातो. बाईला विचारायचं, 'तुला डॉक्टरांना काही विचारायचंय का?' आणि तिच्या तोंडून प्रश्न यायला वेळ मिळवून द्यायचा. एवढंसं वाटतं, पण संतापलेल्या खोलीत ते जमायला फार सराव लागतो.

काही कोर्सचा सूरच दवाखान्याच्या विरोधात असतो, त्यांच्यापासून लांब राहावं असं मी स्पष्टपणे म्हणते. डॉक्टर म्हणजे कापाकापी, निसर्ग म्हणजे सुरक्षित, शरीरावर विश्वास ठेवा आणि घरीच बाळंत व्हा, अशी भाषा तिथे ऐकू येते. आमच्या आधीच्या पिढ्यांनी निसर्गावरच भरवसा ठेवला होता, दुसरं होतंच काय हाताशी. 2004-06 मध्ये महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे 130 माता दगावत होत्या. 2018-20 मध्ये तो आकडा 33 वर आला. बायका दवाखान्यात बाळंत होऊ लागल्या, रक्त मिळू लागलं, गाडी दारात येऊ लागली, त्याचं हे फळ आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव बघता बघता बाई घेऊन जातो, आणि तो कुणाला होईल हे दर वेळी आधी सांगता येत नाही. त्या वेळी हाताशी इंजेक्शन, रक्त आणि शिकलेले हात लागतात. दवाखान्यात बायकांशी वाईट वागलं जातं हे खरं आहे. मी ते आतून पाहिलंय: 'तेव्हा नाही का ओरडलीस' असले शब्द, मांडीवर मारलेली चापट, बाळ झाल्यावर पैशासाठी अडलेली बाळाची दुपटी. या वागण्याची मला आजही चीड येते. पण त्यावर उपाय दवाखान्यातल्या खोलीतच करायचा आहे. बाईला तिथून उठवून घरी नेणं हा उपाय नव्हे.

सीझरबद्दलही कोर्सनं खरं बोलावं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत 47.4 टक्के बाळंतपणं सीझरनं झालेली आढळली, सरकारीत 14.3 टक्के. ठाणे-नवी मुंबईतली डूला ठेवणारी गिऱ्हाईकं बहुतेक खासगीतलीच. म्हणजे डूलाच्या वाट्याला येणाऱ्या बऱ्याच बायकांचं सीझर होणार आहे, तिनं कितीही कंबर दाबली तरी. 'नॉर्मल डिलिव्हरीची खात्री' विकायला शिकवणारा कोर्स त्या बाईला आधीच अपयशी ठरवून ठेवतो. ऑपरेशनच्या टेबलावर थंडीनं कुडकुडणाऱ्या बाईच्या डोक्याशी बसून काय बोलायचं, ऑपरेशन थिएटरमध्ये घेतलं नाही तर बाहेर घरच्यांना कसं धरून ठेवायचं, टाक्यांवर ताण न येता बाळाला पहिलं दूध कसं पाजायचं, हे शिकवतात का ते विचारा.

भाषेचंही बघा. कोर्स इंग्रजीत असतो, उदाहरणं परदेशी घरांतली असतात, नवरा-बायको आणि डूला असा तिघांचा संसार. आपल्याकडे बाईबरोबर तिची आई येते, सासू येते, नणंद येते, पहिलं बाळंतपण माहेरी असतं आणि निर्णय कुठल्या घराच्या हातात आहे हे तिलाही धड माहीत नसतं. सासू सहज विचारते, 'पोट पुढे आहे, मुलगाच ना?' तिथे काय बोलावं, 1994 चा गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा काय सांगतो, तिसरी मुलगी झाली म्हणून घरचे तोंड फिरवून बसले तर आईजवळ कसं थांबावं, हे आपल्या डूलाला आलं पाहिजे. कळव्याच्या रुग्णालयात मुरबाड-शहापूरकडच्या कातकरी, ठाकूर बायका येतात, मुंब्र्याच्या उर्दू बोलणाऱ्या येतात, भिवंडीच्या विणकर वस्तीतल्या तेलुगू बोलणाऱ्या येतात, दिघा-तुर्भ्यात उत्तरेकडून आलेल्या कामगारांची घरं आहेत. गावठाणातली आगरी बाई कळांत स्वतःच्या बोलीत बोलते, शाळेच्या मराठीत नाही. डूलानं या सगळ्या भाषा शिकाव्यात असं मी म्हणत नाही. पण जिला 'जोर लाव' आणि 'आता जोर लावू नको' एवढं तरी समोरच्या बाईच्या भाषेत सांगता येत नाही, तिच्या हातात सर्टिफिकेट द्यायची घाई कोर्सनं करू नये.

फीबद्दल थोडक्यात. कमी फी म्हणजे वाईट आणि जास्त म्हणजे चांगलं, असं काही नाही. फीच्या बदल्यात देखरेखीखालची बाळंतपणं किती, हा हिशोब मांडा. आणि कमाईचं जे चित्र दाखवतात तेही पडताळून बघा. बाळंतपणाच्या तारखेआधी दोन आणि नंतर दोन आठवडे डूलाला हाकेला तयार राहावं लागतं. महिन्याला दोन बायका घेतल्या की वर्षातला एकही आठवडा मोकळा राहत नाही, गावच्या लग्नाला जाता येत नाही. मध्यरात्रीनंतर लोकल नसते, तेव्हा पनवेलहून ठाण्याला किंवा कल्याणहून वाशीला पोहोचायची व्यवस्था स्वतःची लागते. घरी लहान मूल असेल तर त्याच्याजवळ रात्री कोण, याचं उत्तर आधी हवं. 'घर सांभाळून करता येणारं काम' म्हणून हे विकलं जातं, आणि त्यात फसगत होते ती मुलींची.

आता दाराची गोष्ट. जिला मनापासून शिकायचंय तिनं बाळंतपणं बघायची कुठे? खासगी दवाखान्यात बहुधा एकच माणूस आत घेतात. नवरा की डूला, हे बाईनं ठरवायचं. डूला शिकाऊ असेल तर प्रश्नच मिटला. सरकारी दवाखान्यात केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं 2016 मध्ये बाळंतपणाच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली, आणि 2017 च्या शेवटी आलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमात पडदे, आदराची वागणूक आणि सोबतीण हे लेबर रूमच्या दर्जाचे भाग झाले. चांगलं पाऊल होतं. पण 2016 च्या त्या सूचनांत सोबतीण नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंत झालेली असावी आणि तिनं लेबर रूममधल्या दुसऱ्या बायकांकडे लक्ष देऊ नये अशा अटी आहेत. घरच्या बाईसाठी त्या बरोबरच आहेत. शिकलेल्या किंवा शिकाऊ डूलाला मात्र त्यात जागा नाही. आणि जिचं आपलं माणूस आलंच नाही, नाक्यावर कामाला आलेली, नवरा रुग्णालयाच्या फाटकाबाहेर थांबलेला, माहेर हजार मैलांवर, तिच्याजवळ या नियमानुसार बसणारं कुणीच नसतं. सोबतीची सगळ्यात जास्त गरज तिला असते.

म्हणून माझी मागणी अशी आहे. ठाणे महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नवी मुंबई महापालिकेची वाशी, नेरूळ, ऐरोलीची रुग्णालयं, यांतल्या एकेका ठिकाणी डूलांच्या प्रशिक्षणाची तुकडी सुरू व्हावी. कळव्याला वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे डॉक्टर होणारी मुलं लेबर रूममध्येच शिकतात, आणि नर्सिंगच्या मुलीही असंच शिकतात. शिकाऊ हातांना रुग्णालयं सरावलेली आहेत. मग ज्या कामात सुई नाही, औषध नाही, ते शिकणाऱ्या बाईला त्याच शिस्तीत का घेऊ नये? दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. शिकाऊ डूलांनी आधी तिथे गरोदर बायकांना भेटावं, ओळख करावी, आणि ज्यांना ती हवी असेल त्यांच्याच बाळंतपणाला बसावं.

'त्यांच्याच' हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय, कारण या मागणीवरचा सगळ्यात गंभीर आक्षेप तिथेच येतो. गरीब बाईच्या कळांवर हात साफ करायचा आणि शिकून झालं की घोडबंदरच्या टॉवरमध्ये जाऊन पैसे कमवायचे, हे न्यायाचं आहे का? नाही. सरकारी लेबर रूममधली बाई आधीच सगळ्यांच्या शिकण्याचा विषय झालेली असते. तिला न विचारता दहा जण तपासून जातात. डूलांची तुकडी आली आणि तीही न विचारताच उशाशी उभी राहिली, तर त्या दहांत अकरावी भर पडेल. म्हणून संमती कळा सुरू व्हायच्या आधी घेतलेली हवी, कळांत पुन्हा विचारलेली हवी, आणि बाई नको म्हणाली तर डूलानं त्या क्षणी बाहेर जायला हवं. आणि शिकाऊ डूलाला घरच्या माणसाची जागा द्यायची नाही. आई किंवा जाऊ आत असेल तर डूला तिच्या जोडीला, तिच्या बदली कधीच नाही. शिक्षण झालेल्या प्रत्येकीनं पुढची काही वर्षं महिन्यातल्या काही पाळ्या त्याच रुग्णालयात कराव्यात अशी अट असावी. फुकट शिकलेलं तिथेच परत आलं पाहिजे.

दुसरा आक्षेप माझ्या जुन्या सहकारिणींचा. आधीच गर्दी, टेबलं कमी, नातेवाईक अंगावर धावून येतात, 2010 चा हिंसाचारविरोधी कायदा असूनही मार खायची भीती असते, त्यात ही आणखी बाहेरची माणसं मोबाइल काढून शूटिंग करणार. त्यांची भीती मला पूर्ण समजते. रात्रपाळीला दोन सिस्टर आणि पाच बायका कळांत, ही अवस्था ज्यांनी भोगली त्यांनाच तिची धग कळेल. पण याच अवस्थेत प्रत्येक बाईजवळ एक शांत, शिस्तीतली सोबतीण असेल तर सिस्टरला हाक मारायला तोंड मिळतं, घाबरलेल्या नातेवाइकांना बाहेर बातमी मिळत राहते आणि अंगावर धावून येण्याची वेळच पुष्कळदा टळते. मोबाइल बाहेर जमा करा, गणवेश द्या, वागणुकीची नोंद सिस्टर-इन-चार्जच्या सहीनं ठेवा. ज्या डूलाबद्दल सिस्टर लिहितील की हिच्यामुळे काम अडलं, तिला पास करू नका. परदेशी संस्था डॉक्टर-नर्सचं मत मागते, तेच इथे आपल्या सिस्टरांच्या हातात द्या. मग त्या या मुलींना परकं मानणार नाहीत.

आणि तुकडीत बसणार कोण? इथे महापालिकांनी आग्रहानं वागावं. निम्म्या जागा तरी किसननगर, लोकमान्यनगर, दिघा, तुर्भे अशा वस्त्यांतल्या बायकांसाठी ठेवाव्यात, आणि त्यांना शिकताना विद्यावेतन द्यावं, कारण घरकामाचा एक दिवस बुडला की त्या घरात त्या दिवसाचा बाजार येत नाही. आमच्या वस्त्यांत अजूनही अशा बायका आहेत, ज्यांना शेजारची सून कळा आल्या की रात्री उठवते. त्यांच्यातली समज कुठल्याही कोर्सनं शिकवलेली नाही. त्यांना फक्त धोक्याच्या खुणा, स्वच्छता आणि काय करायचं नाही एवढं नीट शिकवलं की त्या उत्तम डूला होतील, परीक्षेचा पेपर इंग्रजीत नसला म्हणजे झालं. टॉवरमधली मुलगी आणि किसननगरची मावशी एका तुकडीत शिकल्या तर दोघींचाही फायदा आहे. मुलीला सहज बसण्याची सवय लागेल, मावशीला आपल्या कामाचा मोबदला मागायची.

कुणी म्हणेल, हे आशाताईंवर सोपवा, त्या गरोदर बायकांना दवाखान्यात घेऊन येतातच. आशांना शिकायचं असेल तर त्यांना पहिला मान द्यावा. पण त्यांच्या आधीच्या कामांच्या यादीत रात्रभर कळांना बसण्याचं काम आणखी एक ओळ म्हणून, मोबदल्याविना घालू नये. मानधन वेळेवर मिळावं म्हणून ज्यांना रस्त्यावर बसावं लागतं, त्यांच्या माणुसकीवर आणखी एक योजना उभी करणं मला मंजूर नाही. रात्रभर बसणाऱ्या डूलाला रात्रपाळीचे पैसे मिळाले पाहिजेत, मग ती आशा असो, मावशी असो की इंजिनिअर.

तोवर ज्या मुली कोर्स शोधतायत त्यांनी थांबून राहावं असं मी म्हणत नाही. एखाद्या कोर्सनं दोन-तीन दवाखान्यांशी लेखी बोलणं केलं असेल, जाणत्या डूलाबरोबर निदान काही बाळंतपणं दाखवत असेल, तर तो घ्या, महाग असला तरी. नाहीतर आधी ओळखीतल्या एखाद्या बाईला तिच्या संमतीनं बाळंतपणाआधी आणि नंतर सोबत करा, दूध पाजायला मदत करा, रात्री तिच्या घरी थांबून बघा. हे काम आपल्याला झेपतं का ते तिथे कळेल, फी भरायच्या आधी. आणि आपल्या नगरसेवकाला, महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना दोन ओळींचं पत्र लिहा, की आम्हाला लेबर रूममध्ये शिकायचंय, तुमच्या सिस्टरांच्या देखरेखीखाली, तुमच्या शिस्तीत. असं पत्र माझ्या सहीनं गेलं तर ते एका निवृत्त बाईचं म्हणणं ठरेल. पन्नास जणींच्या सह्यांनी गेलं तर त्यावर बैठक लावावी लागेल, आणि त्या बैठकीला मी माझ्या जुन्या सिस्टरांना घेऊन येईन.